पास आहे का बे?

गुरुवारची रात्र सरून बारा वाजले की नवी गाणी येतात. पुण्याच्या कोरेगाव पार्कात ज्या मिनिटाला येतात, त्याच मिनिटाला सोलापूरच्या विडी घरकुलात येतात. १० जुलै २०१५ पासून जगभरच्या संगीत कंपन्यांनी नव्या गाण्यांसाठी शुक्रवार हा एकच वार ठरवला. त्याआधी इंग्लंडचा सोमवार होता, अमेरिकेचा मंगळवार. ज्यांच्या पाठीशी ना सिनेमा ना मोठी कंपनी, घरातल्या खोलीत माइक लावून जी पोरंपोरी गाणी करतात, त्यांनीही बहुतेक हाच वार धरला. तेव्हा ‘सोलापूरला सगळं उशिरा येतं’ हे रडगाणं निदान गाण्यांच्या बाबतीत बंद करा. गाणं वेळेवर येतं. उशीर आपण करतो.

चाटी गल्लीत माझं चादर-टॉवेलचं दुकान आहे. शुक्रवारी शटर वर गेलं की पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत दोन-तीन नवी गाणी ऐकून होतात. एका कानात इअरफोन, दुसरा कान दुकानाला. गाणं आवडलं की हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर नाव उतरवतो. तिथं आज कन्नड नावाखाली मराठी नाव आहे, त्याखाली इंग्रजी, त्याखाली तेलुगू. दुपारी उन्हानं रस्ता ओस पडला की तीच गाणी पुन्हा लावतो. उन्हाळ्यात रात्री दहा वाजताही घराच्या भिंती हाताला भाजतात, मग अंथरूण गच्चीवर जातं आणि गाणंही सोबत जातं. सकाळी इअरफोनवर बरं वाटलेलं गाणं गच्चीवर टिकलं, तरच ते माझ्या वहीत राहतं. निम्मी नावं सोमवारपर्यंत खोडली जातात. जी उरतात, त्यांच्यावर वर्ष निघतं.

शेजारचा दुकानदार विचारतो, ‘अण्णा, कुठल्या पिक्चरचं हे?’ कुठल्याच नाही म्हटलं की त्याचा रस संपला. या एका प्रश्नानं किती चांगली गाणी मारली! नट नाचला तरच गाणं पुरं झालं, ही समजूत आपण दोन-तीन पिढ्या उराशी धरून बसलोय. १९९८ साली मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ आला, तेव्हा कुठला पिक्चर होता? २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी ‘आयुष्यावर बोलू काही’ घेऊन गावोगाव फिरले, तेव्हा पडद्यावर कोण होतं? दोन माणसं, एक पेटी आणि समोर तिकीट काढून बसलेली माणसं.

सोलापूर जिल्ह्याला तर हे कुणी शिकवायला नको. पेशवाईच्या अखेरीला इथला राम जोशी घरच्यांचा रोष पत्करून तमाशाच्या फडात उतरला. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलांना महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. १९४४ मध्ये त्यांनी अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं, कामगारांपुढे गायले, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये गायले. मंगळवेढ्याच्या शिंदे घराण्याच्या कॅसेटी एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांत दिवसभर वाजायच्या आणि तिथंच विकल्या जायच्या. आपलं गाणं आपण लोकांत घेऊन जायचं, ही या मातीतली जुनी रीत आहे. पोरं आज त्याला ‘इंडी’ म्हणतात, म्हणू देत.

पुण्या-मुंबईच्या चोखंदळ श्रोत्यापेक्षा सोलापूरकराकडे एक गोष्ट जास्त आहे, आणि ती आपण मोजतच नाही. चार भाषांचा कान. साखर पेठेत तेलुगू, बाजारात कन्नड, मोहल्ल्यात दखनी आणि सगळीकडे मराठी. परवा दुकानात रघु दीक्षितचं गाणं मोठ्यानं लावलं होतं. म्हैसूरचा हा गाणारा गिटार घेऊन संत शिशुनाळ शरीफांची पदंही गातो, त्यातलंच एक. अक्कलकोट तालुक्यातला आमचा हमाल पाठीवर टॉवेलचं गाठोडं घेऊन आत आला आणि दारातच थांबला. गाठोडं खाली न ठेवता एका ओळीला हसला. ‘मालक, हे आमच्याकडं भजनात म्हणतात. हा लई जोरात म्हणतोय.’ मग त्यानं त्या ओळीतली खोच मला समजावून सांगितली. पुण्यातला रसिक तीच ओळ इंग्रजी भाषांतरात शोधत बसतो. आमच्या हमालाला ती थेट भिडते. असा कान असलेल्या शहरानं नवं काय ऐकायचं हे पुण्याला विचारायचं? कशासाठी?

मराठीतही मोप काम चाललंय. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड गिटार-ड्रमच्या साथीनं अभंग गातो. ज्या विठ्ठलासाठी ते अभंग झाले, तो आपल्याच जिल्ह्यात उभा आहे, आणि आपल्याकडच्या कितीजणांनी हा बँड ऐकलाय? अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘१०० आरबीएच’ या नावानं रॅप करतो आणि त्यात वऱ्हाडी बोली छाती काढून येते. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं आणि मराठी शब्दांवर परदेशातली माणसं नाचली. याचा मला आनंद आहे, पण ते गाणं माझ्या गच्चीवर फार दिवस राहिलं नाही. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या हिप-हॉप मंडळींचं २०१९ सालचं ‘द वारली रिव्होल्ट’ मात्र अजून आहे. आरेच्या जंगलावर कुऱ्हाड येत होती, तेव्हा त्यांनी तिथल्याच पाड्यावरच्या प्रकाश भोईरांना सोबत घेतलं आणि ज्यांचं जंगल त्यांचा आवाज गाण्यात आणला. सभेतल्या भाषणांनी जे होत नाही, ते या एका गाण्यानं माझ्या घरात केलं. माझ्या आईनं विचारलं, ‘आरे म्हणजे ती दुधाची डेअरी ना रे? तिथं माणसं राहतात?’

वऱ्हाडी बोली रॅपमध्ये आली, मग आमच्या सोलापुरी ‘बे’ला काय धाड भरलीय? ‘काय बे, कुठं चाललाय बे, थांब की बे.’ दोन-तीन शब्दांमागं एक थाप आयती पडते. सोलापुरातली पोरं रॅप करतात, फोनवर मला ऐकवतातही. बोलताना फर्मास सोलापुरी बोलतात आणि माइकपुढं उभी राहिली की मुंबईची हिंदी सुरू. अरे, तुमच्या तोंडात आहे ते गा. गोरेगावचा माल गोरेगावची पोरं तुमच्यापेक्षा चांगला विकतात.

आता पैशाचं. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं आणि ऐकणं जवळपास फुकट झालं. तिथं गाणं ३० सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं धरतात. २०२४ पासून नियम असा, की बारा महिन्यांत एखादं गाणं १,००० वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याचा रॉयल्टीत वाटा नाही. १,००० म्हणजे किती? आपल्याकडच्या एका बऱ्या लग्नात त्याहून जास्त पानं उठतात. तेवढ्या माणसांनी एकेकदा नीट ऐकलं, तर एका पोरीचं पहिलं गाणं ती रेघ ओलांडेल. तरी आपण पंधराव्या सेकंदाला पुढं सरकतो. ज्याला थेट पैसे द्यायचेत, त्याच्यासाठी बँडकॅम्प हे संकेतस्थळ आहे. ते डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के ठेवून बाकीचे बहुतेक कलाकाराला देतं, आणि मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी स्वतःचा वाटाही सोडतं. वीस-वीस हजारांचे फोन हातात घेऊन फिरणाऱ्यांनी वर्षातून दोन अल्बम विकत घेतले तर घर बुडत नाही.

आणि प्रत्यक्ष कार्यक्रम ठरला की काय होतं? चार पोरांचा बँड येणार म्हटलं की प्रवास, लॉज, साउंडवाला, हॉलचं भाडं, सगळं नगद. तिकीट लावलं दोनशे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू. ‘पास आहे का बे?’ हे विचारणारा रस्त्यावरचा गरीब माणूस नसतो. तो तिकीट काढून मागं उभा राहतो, मी बघितलंय. पास मागणारा चारचाकीतून येतो. हॉटेलात चारजणांचं दोन हजारांचं बिल हसत भरतो आणि दोनशेच्या तिकिटाला ओळख काढतो. पास मिळाला की अर्धा तास उशिरा येतो, पुढच्या रांगेत बसतो, फोनवर बोलतो आणि मध्येच उठून जातो. पास न मिळाल्यावर रुसतो ते वेगळंच. फुकट बसण्यात मान आहे असं त्याला लहानपणापासून वाटत आलंय. यात मान कसला? स्टेजवर जो घाम गाळतोय, त्याच्या खिशातले दोनशे काढून घेण्यात कसला मान?

मग हॉल तोट्यात जातो, बँड पुन्हा येत नाही आणि सोलापूरचं पोरगं पुण्याची वाट धरतं. २०१० मध्ये पुण्यात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, तेव्हापासून ही वाट मळलेली आहे. रस्त्यानं अडीचशे किलोमीटर. रेल्वेनं जाणं सोपं, परत येणं अवघड, कारण आपली हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याहून संध्याकाळी निघते आणि गिग सुरू होतो आठनंतर. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा आमचा एक दोस्त गिग संपला की पुणे स्टेशनावर येऊन बसतो. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असतेच. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस येते, तिच्या जनरल डब्यात कसाबसा शिरतो, दाराशी बसून सोलापूर गाठतो, घरी जाऊन तोंडावर पाणी मारतो आणि दहाला दुकान उघडतो. अंगात रात्री विकत घेतलेला बँडचा टी-शर्ट. दिवसभर लोकांच्या फोनचे स्क्रीन बसवताना कालची गाणी लावतो, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती कुणाची हे न विचारता सांगतो. त्याच्या काउंटरवर मी कॉलेजच्या पोरांना त्या बँडची नावं लिहून घेताना पाहिलंय. गाण्याची अशी चाकरी करणारी माणसं या शहरात आहेत. पास मागणाऱ्यांपेक्षा ती कमी असतील, पण तिकिटाचे पैसे त्यांच्याच खिशातून येतात.

काहीजण म्हणतात, सोलापूरला हे चालणार नाही, इथं लोकांना मिरवणुकीतला डीजे लागतो. चूक. लोकांना ठेका लागतो. काचा हादरवणाऱ्या त्या भिंतीएवढ्या स्पीकरांपुढं माणूस ऐकतच नाही, फक्त सोसतो. हलगी वाजली की बघा. वाजवणारा आधी कागद, पाचोळा पेटवतो, जाळावर हलगी धरतो, बोटानं टिचकी मारून बघतो, पुन्हा धरतो. कातडं ताणून आवाज कडक झाल्याशिवाय तो काडीला हात लावत नाही. मग एका हातात जाड काडी, दुसऱ्यात बारीक लवचीक, आणि पहिल्याच कडकडाटाला दुकानातली माणसं उठून दारात येतात. त्याला ना वीज लागते ना ट्रक.

म्हणून माझं म्हणणं असं, आपणच एक कार्यक्रम करू. संक्रांतीची गड्डा यात्रा उरकली की फेब्रुवारीत हवा चांगली असते. हुतात्मा स्मृती मंदिर एवढ्यात नको, फडकुले सभागृहही नको, ती पुढं घेऊ. आधी शंभर खुर्च्यांची जागा. एक गिटारवाली मुलगी, सोलापुरी बोलीत रॅप करणारं एक पोरगं, एक कन्नड पद, एक तेलुगू गाणं आणि मध्ये हलगी. सगळी गाणी नवी, त्यांनी स्वतः केलेली. तिकीट दोनशे रुपये, नगरसेवकाला आणि माझ्या मेहुण्यालाही. जमलेल्या पैशातून आधी कलाकारांचं मानधन, मग साउंडवाला, मग भाडं. उरलंच तर पुढच्या महिन्याचा आगाऊ.

गिटारवाली तयार आहे. रॅपवाल्यानं ‘बे’ घालून दोन कडवी लिहून आणली आहेत, चांगली आहेत. हलगीवाल्याशीही बोलणं झालंय, त्याची एकच अट आहे. वाजवायच्या आधी हलगी तापवायला दाराबाहेर जाळ करता आला पाहिजे. शंभर खुर्च्या मावतील आणि बाहेर जाळाला हरकत नसेल अशी जागा कुणाकडे असेल, त्यांनी चाटी गल्लीत दुकानावर यावं. शुक्रवार सोडून कधीही या. शुक्रवारी यायचं तर अकरानंतर.