देखणा खरा, पण लक्ष सगळं समुद्रात!

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणाशी, मोठ्यानं बोलायचं नाही मला. त्या हॉलिवूडच्या नटाचं, स्टर्लिंग हेडनचं म्हणतेय. सहा फूट पाच इंच उंच! पॅरामाउंटवाल्यांनी तर सिनेमातला सर्वांत देखणा पुरुष म्हणून गाजावाजा केला, आणि या बाबाचं लक्ष सगळं समुद्रात. सोळाव्या वर्षी शाळा सोडून जहाजावर गेलेलं पोर ते! पिक्चर करायचे ते बोटींच्या पैशांसाठी.

पहिल्याच पिक्चरची हिरॉइन मॅडलिन कॅरोल. हो हो, हिचकॉकवाली तीच. चांगली दहा वर्षांनी मोठी. तरी १९४२ मध्ये लग्न केलंच! टिकलं म्हणता? चार वर्षं... जाऊ दे.

तर काय सांगत होते, युद्धात स्वारी जॉन हॅमिल्टन नावानं मरीन्समध्ये. इटलीतून रात्रीच्या बोटी काढायच्या आणि युगोस्लाव्हियात टिटोच्या कम्युनिस्ट माणसांना बंदुका पोचवायच्या. त्यांच्यावर असा जीव जडला की परत आल्यावर कम्युनिस्ट पार्टीतच शिरला. सहा महिन्यांत बाहेरही पडला म्हणा, पण ते भोवलं की हो! १९५१ मध्ये वॉशिंग्टनला त्या कम्युनिस्ट हुडकणाऱ्या चौकशी समितीपुढे बसवलं, आणि यानं पार्टीतल्यांची घडाघडा नावं सांगितली. एकेकाळी जिच्यावर जीव होता, तिचंसुद्धा! मला नाही बाई पटलं. बाहेर लोक पाठ थोपटताहेत, शाबास म्हणताहेत, आणि याचा चेहरा पडलेला. पुढे १९६३ मध्ये ‘वाँडरर’ पुस्तकात स्वतःचीच अशी सालं काढली की आपल्याला कुजबुजायला काही ठेवलंच नाही मेल्यानं.

आणि मुलांचं प्रकरण? दुसऱ्या बायकोशीही घटस्फोट झालेला, तिच्यापासून चार मुलं, कोर्ट बजावतंय की त्यांना बोटीवरून न्यायचं नाही. १९५९ उजाडलं, यानं चौघांना शिडाच्या बोटीत घातलं आणि गाठलं थेट ताहिती! त्या जज्जसाहेबांचं तोंड बघायला हवं होतं. परतल्यावर शिक्षा काय, तर नावापुरती.

नंतर कुब्रिकच्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’मध्ये, अहो तो सिगारवाला वेडा जनरल, पहिल्या दिवशी याला संवादच आठवेनात. टेकवर टेक, घामाघूम. शेवटी कुब्रिकपाशी जाऊन माफी मागितली, तर तो म्हणे, तुझ्या चेहऱ्यावरची ही भीतीच कदाचित आपल्या कामी येईल. पक्का हं तो!

एवढं सांगूनही डोळ्यांपुढे येत नाही तुमच्या? अहो ‘गॉडफादर’! हॉटेलात गळ्याला नॅपकिन अडकवून जेवत बसलेला तो लाचखाऊ पोलीस कॅप्टन, काट्यावरचा घास तोंडाशी जातो न जातो तोच अल पचिनो गोळी घालतो ना... तोच की हो हा!