चौदाव्या भागापासून बघा

‘ड्रॅगन बॉल’ ही जपानी कार्टून मालिका पहिल्या तेरा भागांत सामान्य आहे. चाहत्यांना राग येईल, येऊ दे. २६ फेब्रुवारी १९८६ ला जपानच्या फुजी टीव्हीवर ती सुरू झाली, तेव्हा तिच्याकडे काय होतं? गोकू नावाचा शेपटीवाला एक रानातला पोरगा, सात जादूचे गोळे, ते शोधत हिंडणारी बुल्मा आणि वाटेत भेटणारे चोर, डुक्कर, म्हातारे. ‘पश्चिमेची यात्रा’ या जुन्या चिनी कथेतल्या वानरराजाची ही गमतीदार नक्कल होती. चित्रं देखणी, पण विनोद बरेचसे बायकांच्या कपड्यांवरचे. पोरांना शेजारी घेऊन बघायचं म्हटलं तर रिमोट हातात ठेवावा लागतो. तेराव्या भागापर्यंत गोळे मिळतात, ड्रॅगन प्रकटतो, मागितलेला वर फुकट जातो आणि गोष्ट संपते. मालिका तिथंच थांबली असती तर आज तिची आठवण काढायचं कारण नव्हतं.

चौदाव्या भागात ती तालमीत शिरते, आणि पार बदलून जाते. कोल्हापूरच्या माणसानं तर तिथूनच बघायला सुरुवात करावी.

कामे-सेन्निन हा वस्ताद. इंग्रजी आवृत्तीत त्याला मास्टर रोशी म्हणतात. गोकू आणि नव्यानं आलेला क्रिलिन हे त्याचे दोन पट्ठे. लढायला शिकायचं म्हणून पोरं आलेली, आणि हा गडी त्यांना पहाटे घरोघरी दूध पोचवायला पाठवतो. पायी, डोंगर-नद्या ओलांडून. परत आलं की हातांनी शेत नांगरायचं. दुपारी पाटी-पुस्तक आणि झोप. मग खोदकाम, मग शार्क सोडलेल्या तळ्यात पोहणं. हे सगळं पाठीवर वीस किलोचं कासवाचं कवच बांधून, आणि पुढं पुढं चाळीस किलोचं. आठ महिने हाच क्रम. डाव एकही शिकवलेला नाही. मैदानाच्या दिवशी वस्ताद म्हणतो, कवच काढा आणि उडी मारा. पोरं उडी मारतात आणि आभाळात जातात. त्या वेळी त्यांचे चेहरे बघावेत. आपल्यात काय साठलंय याचा त्यांना स्वतःलाच पत्ता नसतो.

गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम, शाहूपुरी तालीम, कुठंही जाऊन विचारा. नव्या पोराला पहिल्या दिवशी धोबीपछाड शिकवत नाहीत. त्याच्या हातात फावडं देतात. लिंबू, हळद, ताक, तेल घालून मऊ केलेली हौद्यातली माती उकरायची, हाच पहिला व्यायाम. जोर, बैठका, खुराक, झोप, आणि परत माती. डाव नंतर येतो, अंग आधी तयार होतं. लाल मातीत वाढलेल्या माणसाला ही मालिका समजावून सांगावी लागणार नाही.

हा बदल आपोआप झालेला नाही, आणि या लेखाचं खरं कारण तेच आहे. ‘ड्रॅगन बॉल’ची मूळ चित्रकथा अकिरा तोरियामा १९८४ पासून ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात काढत होते. या साप्ताहिकाचा कारभार कठोर. वाचक कार्डावर आपल्या आवडीच्या कथा लिहून पाठवतात, त्यावरून दर आठवड्याला क्रम लागतो, आणि तळाला गेलेली कथा बघता बघता बंद होते. सुरुवातीचा जोर ओसरल्यावर ‘ड्रॅगन बॉल’ही खाली घसरू लागली. तेव्हा संपादक काझुहिको तोरिशिमा यांनी तोरियामांना तोंडावर सांगितलं की तुमचा नायक अळणी आहे, म्हणून कथा चालत नाही. हे दोघे तोरियामांच्या आधीच्या ‘डॉक्टर स्लम्प’ या चित्रकथेपासूनचे जोडीदार. तोरिशिमा पानंच्या पानं नापास करून परत पाठवायचे, आणि तोरियामांनी त्याच कथेतल्या खलनायकाला त्यांचा चेहरा देऊन हिशेब चुकता केला होता. पण या वेळी त्यांनी ऐकलं. भोवतीची बहुतेक पात्रं बाजूला काढली आणि एकच प्रश्न घेऊन बसले: या पोराला हवंय तरी काय? उत्तर निघालं, त्याला आणखी ताकदवान व्हायचंय, बस्स. मग त्या एका इच्छेभोवती तालीम आली, बरोबरीचा जोडीदार आला, आणि आलं मैदान. मैदानी स्पर्धा वाचकांना आवडते, हे तोरियामांना ‘डॉक्टर स्लम्प’मध्ये आधीच कळलं होतं. तिथून ‘ड्रॅगन बॉल’ जी वर चढली, ती १९९५ पर्यंत, एकूण ५१९ प्रकरणं चालली.

आणि त्या पहिल्या मैदानात नायक हरतो.

ही खरी हिंमत. स्पर्धेत जॅकी चुन नावाचा एक म्हातारा उतरतो. तो वेषांतर केलेला कामे-सेन्निनच असतो. पोरं एवढ्यात जिंकली तर त्यांच्या डोक्यात हवा जाईल, म्हणून वस्ताद स्वतः आखाड्यात येतो. वस्तादानं एक डाव राखून ठेवावा असं आपल्याकडं म्हणतात. इथं तो डाव नेमका त्यासाठी वापरलाय. शेवटच्या झेपेत दोघं एकमेकांना लाथ घालतात. गोकूचा पाय आखूड, म्हाताऱ्याचा लांब. तेवढ्या फरकानं मैदान जातं. तीन वर्षांनी पुन्हा स्पर्धा, पुन्हा अंतिम लढत, या वेळी समोर तेन्शिनहान. दोघंही आकाशातून खाली येत असतात, गोकू वाटेत एका गाडीला धडकतो आणि आधी जमिनीला टेकतो. पुन्हा हार. जिंकतो तो तिसऱ्या खेपेला, पिकोलोसमोर, अंगापिंडानं मोठा झाल्यावर. नायकाला वयानं वाढवायला तोरियामांना विरोध झाला होता. आखूड हातापायांनी मारामारी काढणं अवघड जातं, या कारणावर ते ठाम राहिले. लीप घ्यायला असं कामातून आलेलं कारण लागतं.

हरण्याची किंमत या मुलखाला नव्यानं सांगायला नको. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. परत येऊन त्यांनी चार वर्षं घाम गाळला आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं. त्यांची गोष्ट सांगताना लंडन गाळलं तर हेलसिंकीला काय अर्थ राहील?

आता आपल्या घरचं बोलू. पैलवान नायक असलेली मराठी मालिका याच जिल्ह्यात होऊन गेली. झी मराठीवरची ‘तुझ्यात जीव रंगला’, ऑक्टोबर २०१६ ते जानेवारी २०२१, चित्रीकरण वसगडे गावात. तिची सुरुवात मला मनापासून आवडली होती. अंगानं पहाड, अक्षराला बिचकणारा राणादा आणि त्याला शिकवणाऱ्या पाठकबाई. हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी ती माणसं खरी केली होती. राणादाचं ‘चालतंय की’ गावोगाव पोचलं ते उगाच नाही. पण मालिका लांबली तशी माती मागं पडली आणि वाड्यातली कारस्थानं पुढं आली. राणादाच्या वहिनीसाहेबांचे डाव रोज रात्री, पैलवानाचे डाव सणासुदीला. मध्येच राणादासारखाच दिसणारा राजा राजगोंडा आला. ‘ड्रॅगन बॉल’ गोळ्यांच्या शोधातून निघून तालमीत गेली. आपली मालिका तालमीत जन्मली आणि माजघरात जाऊन बसली.

टीआरपीचा धाक असतो, असं म्हणाल. असतोच, दर गुरुवारी आकडे येतात. जंपची कार्डंही दर आठवड्याला यायची आणि ती काही दयाळू नव्हती. धाक सारखाच, पण घसरण सुरू झाल्यावर तोरिशिमा नायकाकडं वळले. आपले लोक कपाटातून नवं संकट काढतात: अपघात, स्मृतिभ्रंश, हुबेहूब दिसणारा दुसरा.

घसरण दिसताच मुळाला हात घालण्याचं काम तोरिशिमांनी पुन्हा एकदा केलं. पुढं टीव्हीवरच्या ‘ड्रॅगन बॉल’ची प्रेक्षकसंख्या हळूहळू उतरायला लागली. कथा गंभीर झाली तरी मालिकेची मंडळी तिला अजून ‘डॉक्टर स्लम्प’सारखी गोंडस करत आहेत, असं त्यांचं मत झालं. ‘सेंट सेया’ ही मालिका करणारे निर्माते कोझो मोरिशिता आणि लेखक ताकाओ कोयामा यांचं काम त्यांना भावलं होतं. त्यांनी माणसं बदलायला लावली, नावही बदललं. १५३ भागांवर जुनी मालिका थांबली आणि पुढच्याच आठवड्यात, २६ एप्रिल १९८९ ला, ‘ड्रॅगन बॉल झी’ उभी राहिली. केबलवर कार्टून नेटवर्क बघत वाढलेल्या पिढीला माहीत आहे ती हीच. तिच्यातही पाणी घातलेलं आहे. चित्रकथा पुढं सरकायची वाट बघत मालिका ताणावी लागायची, त्यामुळं ‘पाच मिनिटांत फुटणारा’ नामेक ग्रह कित्येक भाग फुटत नाही. ते भाग पळवत बघितले तरी काही बिघडत नाही. पहिल्या मालिकेतले लग्नाचे शेवटचे पाच भागही सोडता येतील, ते मूळ कथेत नाहीत. चौदा ते अठ्ठावीस मात्र एकही सोडू नका.

आणि मोरेवाडीच्या चित्रनगरीत पुढची पैलवानाची मालिका उभी राहील तेव्हा तिच्या लेखकांनी आधी एखाद्या तालमीत जाऊन माती उकरावी. नायकाला खासबागेत उतरवावं, शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या त्या मैदानात, हलगीच्या ठेक्यावर, हजारोंच्या समोर. आणि पहिल्या कुस्तीत त्याला चितपट होऊ द्यावं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो हौद्यात परत आला, की आम्ही रोज रात्री टीव्हीसमोर बसू.