तात्यांचा नेम

साठी उलटली की आमच्या जयगडची माणसं गुडघ्यांच्या मागे लागतात. तात्या धनुर्विद्येच्या मागे लागले. बांबूचं धनुष्य नि सहा बाण घेऊन आले, परसात पेंढ्याचा भारा उभा केला आणि मधोमध हळदीचा पिवळा ठिपका काढला.

शास्त्र सगळं तोंडपाठ. बाणाच्या वर एक बोट, खाली दोन. दोरी हनुवटीपर्यंत ओढायची. बाण न लावता दोरी सोडायची नाही, धनुष्य तडकतं. एवढं सांगून होईतो ताणलेला हात लटपटायला लागतो आणि बाण आपल्या मनाने निघून जातो. दोरी डाव्या हातावर सणसणीत बसते, ती वेगळीच. मनगटाच्या वर कायम जांभळा पट्टा. विचारलं तर म्हणतात, "खाजकुइली लागली."

नेम चुकला असं मात्र कधी म्हणणार नाहीत. सकाळी मतलई आडवी येते, दुपारी खारा वारा. साताऱ्याकडे उसाच्या फडात सराव करून अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जगज्जेती झाली, तीही वयाच्या सतराव्या वर्षी, हे मी सांगून पाहिलं. तात्या म्हणाले, "तिथे समुद्र आहे का? शिवाय तिच्या धनुष्याला चाकं. चाकं लावली की ती सायकल!"

एकदा पाहुण्यांना किल्ला दाखवताना तात्या जंगीपाशी थांबले. जंग्या बंदुकांसाठी, हे त्यांना ठाऊक आहे, पण पटत नाही. "१८१८ साली हा किल्ला न लढता इंग्रजांना दिला," ते हळहळले. "माझ्यासारखा एक तिरंदाज आत असता तर..."

"तर आतलेच घायाळ झाले असते," काकू म्हणाल्या.

दिवाळीपर्यंत पेंढ्याला बाण शिवला नाही. पिवळ्या ठिपक्याला पहिलं तोंड लावलं ते गाईने. तात्यांनी त्यातूनही धडा काढला: "बघ, अंतर कमी केलं की जमतं."

गेल्या आठवड्यात शेजारच्या माडावर नारळ काढायला गडी चढला. नारळांबरोबर चार बाण खाली आले. मजुरी माडामागे ठरली होती, बाणांचे त्याने वेगळे लावले नाहीत.