स्कॉलर

परंडा तालुक्यातल्या सोनारीत दोन गोष्टी पाहुण्याच्या लगेच ध्यानात येतात. काळभैरवनाथाच्या देवळाभोवतीची माकडं, आणि पारावरच्या कुठल्याही बोलण्यात दुरुस्ती सुचवणारा एक किडकिडीत पोरगा. माकडं हातातला नारळ पळवतात, हा पोरगा बोलण्यातली मजा पळवतो. त्यातल्या माकडांना लोक हात जोडतात.

पोराला नाव आहे, पण ते हजेरीपटात. गावाच्या तोंडी तो ‘स्कॉलर’. पाचवीला शिष्यवृत्ती, आठवीला पुन्हा शिष्यवृत्ती. तेव्हा हे नाव कौतुकानं पडलं. पुढं गावानं आपल्या सोयीनं त्याचा सूर बदलला. खिशाला दोन पेनं, गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं, केस तेलानं चप्प बसवलेले. चालताना नजर जमिनीवर. कारण समोरून कुणी आलं की ‘काय म्हणतोस?’ असं विचारणार, आणि त्याचं बरोबर उत्तर त्याला अजून कुठल्याच गाइडात सापडलेलं नाही.

सगळा घोटाळा तिथंच आहे. आपण दिवसभरात विचारतो त्यातले निम्मे प्रश्न उत्तरासाठी नसतातच. ‘चाललास व्हय शाळंला?’ हे पाठीवरचं दप्तर बघूनच विचारायचं असतं आणि ‘व्हय’ म्हणून पुढं सटकायचं असतं. स्कॉलर थांबतो. ‘आत्ता नाही. आधी गिरणीत दळण टाकणार, मग शाळा.’ ‘जेवलास का रं?’ विचारणाऱ्या काकूला तो काय जेवला आणि भाजीत मीठ किती कमी होतं, हेही कळतं. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं लाडू पुढं करावा, जेवणाऱ्यानं ‘नको नको’ म्हणत ताटावर हात आडवा धरावा आणि वाढप्यानं बोटांच्या फटीतून लाडू सोडावा, ही आपली रीत. स्कॉलर पहिल्याच फटक्यात ‘हो, दोन वाढा’ म्हणतो. वाढप्याचा चेहरा पडतो. आग्रह करायलाच जागा उरली नाही, तर त्यानं उपरणं कमरेला बांधलं कशासाठी?

एकदा भावकीत मयत झाली. म्हातारीनं हंबरडा फोडला, ‘आता मी कुणाकडं बघून जगू गं बाय!’ स्कॉलरनं बोटांवर हिशेब केला आणि तोंड उघडलं, ‘तीन मुलगे, दोन सुना...’ शेजारच्या आजीनं दंडाला असा चिमटा घेतला की पुढची नातवंडं मोजायची राहून गेली.

माकडांशी मात्र त्याचं बरं जमतं. ती काही विचारत नाहीत. देवळाच्या ओट्यावर तो त्यांना तासन्‌तास न्याहाळतो. माकडानं दात विचकले म्हणजे ते हसत असतंच असं नाही, पुष्कळदा ते समोरच्यापुढं दबलेलं असतं, हे त्यानं कुठंसं वाचलं. तेव्हापासून फोटोत तो ओठ मिटून बसतो, आणि मावशी दात दाखवत हसत आली की काळजीनं विचारतो, ‘मावशी, कुणाला भ्यालीस?’

वडील एकदा वैतागून म्हणाले, ‘तुझ्यापरीस माकडाच्या नावावर रान केलेलं बरं!’

‘होतं तसं,’ स्कॉलर म्हणाला. ‘आपल्याच जिल्ह्यात, उपळ्याला. माकडांच्या नावावर ३२ एकर जमिनीची नोंद आहे.’

माहिती खरी होती. त्यामुळं वडिलांचा राग आणखी वाढला.

दहावीच्या निकालानंतर गुणवंतांचा सत्कार झाला. पाहुणे इतिहासावर घसरले. विजापूरकरांनी मुलूखमैदान तोफ कशी ओतली, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं आणि शेवटी रिवाजाप्रमाणे विचारलं, ‘कुणाला काही शंका?’ हाही उत्तरासाठी नसलेलाच प्रश्न. स्कॉलरचा हात वर. ‘तोफ ओतली अहमदनगरला, १५४९ साली. मग ती आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती. विजापूरला नेली १६३२ साली.’ मंडपात शांतता. मागून एक म्हातारा ओरडला, ‘म्हंजे तोफ आपली हाय की!’ आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी शाल पांघरताना ती जरा जास्तच आवळली, एवढंच.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला सखाराम गटणे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुस्तक १९६२ चं, पण गटण्याची जात अजून संपलेली नाही, फक्त खुराक बदलला. गटणे ग्रंथांच्या भाषेत बोलायचा, आमचा स्कॉलर उत्तरपत्रिकेच्या. गटण्याचं नशीब एवढंच थोर, की त्याचं ऐकून घ्यायला पु. ल. होते. स्कॉलरला पार आहे, आणि पाराला ऐकण्यापेक्षा बोलण्याची हौस जास्त.

बरं, पोराचं चुकतं कुठं? पहिलीपासून आपणच त्याला शिकवलं की प्रश्न आला की उत्तर द्यायचं, नेमकं आणि वेळेत. गुणही त्याचेच दिले. प्रश्न कधी नुसता ऐकून सोडून द्यायचा असतो, हा धडा कुठल्याच इयत्तेला नाही.

पण दिवेलागणीला त्याच्या दारात जाऊन बघा. कुणी पीकविम्याचा कागद घेऊन आलेला असतो. ‘ह्यात काय लिवलंय, बघ की बाबा.’ हा मात्र खरा प्रश्न. स्कॉलरची मान वर होते, बोट ओळीवरून सरकतं. ‘दादा, पेरणीची तारीख इथं चुकलीय, उद्याच दुरुस्त करून घ्या.’ आवाजात कुठं अडखळणं नाही. दादाही पारावर कधी ऐकत नाहीत इतकं मन लावून ऐकतात.

असा एखादा स्कॉलर तुमच्याही गल्लीत असेल. त्याला ‘कसं काय?’ विचारून छळू नका. खरोखरच काही अडलं असेल तर ते घेऊन जा. जाताना दोन लाडू न्या. आग्रह करावा लागणार नाही.