सूनबाईंची सनद

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप बाबांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपली सूनबाई अमेरिकेत डॉक्टरीण झाली, अशी वार्ता पनवेलच्या वडाळे तलावाच्या काठी फिरावयास येणाऱ्या मंडळींत पसरल्याचे समजल्यावरून हा खुलासा रवाना करीत आहे. ती डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही. १६० मिनिटांत २०० प्रश्नांची परीक्षा देऊन ती सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट झाली असून ही सनद दर पाच वर्षांनी ताजी करून घ्यावी लागते. बाटलीवर मात्रेची कागदी पट्टी डकवून देणारे आपल्याकडचे कंपाउंडर काका जे जे करीत, त्यातील औषध कालविणे वगळून बाकी सर्व, आणि शिवाय विमा कंपन्यांचे दप्तर, हा तिचा कारभार.

रुग्ण आला की प्रथम नाव आणि जन्मतारीख यांची रुजवात घालावयाची, मग वजन, नाडी, ताप. रक्तदाब घेताना पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर आणि मुख बंद असा नियम असून त्यातील शेवटचे कलम मराठी मंडळींना फार जाचते. मुलाकडे उन्हाळा काढावयास आलेल्या एका आजींनी जन्मतारीख "पानशेत फुटलं त्या साली, आषाढात" अशी सांगितली. पासपोर्टात पाहावे तो गुरुजींनी सबंध वर्गाला बहाल केलेली १ जून! वेदना शून्य ते दहापैकी किती, या प्रश्नास त्यांचे उत्तर "चालायचंच". (ही हकीकत खुद्द आजींनीच सांगितली, सूनबाईच्या तोंडून रुग्णाविषयी अक्षर निघत नाही, १९९६ च्या कायद्याने तशी सक्त मनाई आहे.) पोपट चावल्यास एक आणि मकाव चावल्यास निराळा संकेतांक ठेवणाऱ्या देशाच्या दप्तरात 'चालायचंच'ला रकाना नसावा, याचे मला नवल वाटते.

रक्त काढणे, ईसीजी, डॉक्टरांच्या हुकमाने सुई टोचणे, हे तिच्या अखत्यारीत आहे. निदान आणि सल्ला मुळीच नाही. ज्या गावात १८७२ साली धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना निघाला आणि जेथे शिंकणाऱ्याला काढा सांगितल्यावाचून कोणी उंबरा ओलांडू देत नाही, त्या पनवेलच्या सुनेने दिवसभर सल्ला गिळून बसावे, यापरती तपश्चर्या कोणती! सायंकाळी तो साठा मजवर रिता होतो.

तेव्हा दिवाळीत आम्ही आल्यावर आळीतील मंडळींनी रिपोर्टांची भेंडोळी तिच्यापुढे उलगडू नयेत, अशी आपण समज द्यावी. रक्तदाब ती आनंदाने मोजून देईल; गोळी वाढवावी की कमी करावी, हे मात्र ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांस विचारावे.

आपला आज्ञाधारक,
बाळ