तारखेच्या आदल्या रात्रीचा पक्षकार

तारखेच्या आदल्या रात्री वकील बदलणारा पक्षकार हा तालुक्याच्या दिवाणी कोर्टात हमखास आढळणारा प्रकार आहे. त्याचे आयुष्य दाव्याइतके असते, आणि दावा जमिनीच्या वाटपाचा असला की ते पुष्कळच असते. फौजदारी बाजूला तो तुलनेने कमी दिसतो. तिथे चुकीच्या वकिलाचे फळ कोठडीत बसून खावे लागते, इकडे ते पुढच्या तारखेवर ढकलता येते. वय साठीच्या आसपास, शर्ट पांढरा, खिशाला पेन आणि पेनाला टोपण नाही. गावात त्याला तात्या, अण्णा किंवा आबा म्हणतात. पुढील विवेचनात सोयीसाठी आबा हेच नाव घेतले आहे. आबा प्रतिवादी आहेत आणि वादी सख्खा धाकटा भाऊ आहे.

आबांची ओळख पटते ती पिशवीवरून. साड्यांच्या दुकानातून आलेली ही नायलॉनची पिशवी असते, बंद एकदा तुटून दाभणाने शिवलेला. आत सातबाऱ्याचे दहा-बारा उतारे, आजोबांच्या नावचा फेरफार, घडीवर फाटलेला मोजणीचा नकाशा आणि मुलीच्या लग्नाची पत्रिका. पत्रिकेत निमंत्रक म्हणून भावाचे नाव नाही, म्हणजे वाटणी तेव्हाच झाली होती, असा आबांचा युक्तिवाद आहे आणि आजवरच्या एकाही वकिलाने तो कैफियतीत घेतलेला नाही. एक वीजबिलही असते. त्याचा दाव्याशी काय संबंध हे आता आबांनाही सांगता येत नाही, पण काढून टाकले तर नेमके तेच लागेल, म्हणून ते राहिले आहे. भावाने दाखल केलेल्या दाव्याची प्रत असते. तिला तिसरे पान नसते. ते पहिल्या वकिलाकडे राहिले, असे आबा म्हणतात. पहिल्या वकिलाच्या मते ते आबांनी दुसऱ्याला दाखवायला म्हणून नेले.

वकील बदलण्याची खरी कारणे असतातच. वकील वारतो, न्यायाधीश होतो, जिल्ह्याच्या गावी ऑफिस हलवतो, किंवा चार-चार तारखांना फिरकत नाही आणि फोनही उचलत नाही. अशा वेळी वकील बदलणारा पक्षकार त्रासलेला असतो. त्याची गणना या प्रकारात होत नाही. आबांचे कारण बहुधा चहा असते. कोर्टाच्या कँटीनमध्ये त्यांनी आपल्या वकिलाला समोरच्या वकिलाबरोबर चहा पिताना पाहिलेले असते, तोही हसत. हे दोघे वकील एकाच कॉलेजात शिकलेले, एकाच बाररूममध्ये बसणारे, एकमेकांच्या घरच्या कार्यांत अक्षता टाकणारे. भांडून झाले की ते चहा पिणारच. आबांचे आणि भावाचे बोलणे मात्र चौदा वर्षे बंद आहे, त्यामुळे भांडूनही चहा पिता येतो ही गोष्ट त्यांच्या अनुभवात बसत नाही. ‘फुटला’ एवढा एकच शब्द उच्चारून ते पिशवी उचलतात.

चहा हे सांगायचे कारण झाले. आतले कारण असे की जुना वकील आता ऐकत नाही. पहिल्या भेटीत त्याने सगळे ऐकलेले असते: आजोबांनी विहीर कशी खणली, चुलत्याने बांध कसा सरकवला, आईच्या दहाव्याला भाऊ काय बोलला. पाचव्या भेटीत आबा विहिरीपाशी येताच तो म्हणतो, “हो, माहीत आहे. पुढे?” त्या ‘पुढे’ला आबा दुखावतात. त्यांना निकाल नको असतो असे नाही. पण निकाल कधीतरी लागणार, ऐकणारा मात्र आजच लागतो. नवा वकील फी घेतो आणि पहिल्या दिवशी तरी विहिरीपासून ऐकतो. प्रत्येक वकीलपत्र हे आबांच्या दृष्टीने त्या गोष्टीच्या एका नव्या प्रयोगाचे तिकीट असते. कोणत्याही वकिलाने हे अजून ओळखलेले नाही. ओळखले असते तर महिन्यातून अर्धा तास ऐकून घेऊन त्याने दावा शेवटपर्यंत राखला असता.

तारीख सहा आठवडे आधीपासून माहीत असते. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकून नातू ती रोज पाहतो. तरी निर्णय आदल्या रात्रीच होतो, कारण मेहुण्याचा फोन रात्रीच येतो. मेहुण्याच्या जोडीला एक निवृत्त तलाठी आणि एसटीत भेटलेला एक गृहस्थ असतो. हा गृहस्थ स्वतःचा दावा एकोणीस वर्षे चालवून हरलेला असल्यामुळे त्याचा शब्द जड पडतो. तिघांचे एकमत एकाच मुद्द्यावर होते: “वकील वाईट नाही हो, पण कोर्टात बोलत नाही.” बोलणे म्हणजे टेबलावर हात आपटून बोलणे. जुन्या वकिलाने मुदतीच्या मुद्द्यावर अर्धा तास जे शांतपणे सांगितले आणि मनाई हुकूम थोपवला, ते बोलण्यात धरलेले नाही. साडेनऊला नव्या वकिलाला फोन जातो. तो जेवत असतो. “उद्या साडेदहाला या, कागद घेऊन या,” एवढे म्हणून तो फोन ठेवतो, आणि आबांना बऱ्याच दिवसांनी झोप लागते.

वकील बदलणे कायद्याने कठीण नाही, पण त्याला रीत आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे एकदा दाखल झालेले वकीलपत्र कोर्टाच्या परवानगीने लेखी रद्द होईपर्यंत, पक्षकार किंवा वकील मरेपर्यंत किंवा काम संपेपर्यंत चालू राहते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे आधीच्या वकिलाच्या संमतीवाचून दुसऱ्याने त्या कामात उभे राहायचे नसते. संमती मिळत नसेल तर कारणे देऊन कोर्टाची परवानगी घ्यायची. व्यवहारात जुना वकील नव्या वकीलपत्रावर ‘हरकत नाही’ असे लिहून सही करतो. या सहीला सगळे नाहरकत म्हणतात, आणि आबांच्या सकाळचा मोठा भाग तिच्यात जातो.

ते पावणेदहाला जुन्या वकिलाच्या ऑफिसात शिरतात. चपला बाहेर काढतात. एरवी काढत नाहीत. वकिलाला त्या चपलांवरूनच समजते.

“साहेब, तुमच्याबद्दल काही नाही. घरच्यांचं म्हणणं पडलं.”

“कुठल्या घरच्यांचं?”

“मेहुण्याचं.”

वकील ज्युनिअरला फाइल काढायला सांगतो. मग फीचा विषय निघतो. मागच्या तीन तारखांचे पैसे राहिलेले असतात आणि आबांना ते दोन तारखांचे आठवतात. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवले आहे. आबांना खटल्याचे नाव माहीत नाही, साल माहीत नाही, पण ‘फाइल अडवता येत नाही’ एवढे त्यांना पाठ आहे. वकील सही करतो, तारीख घालतो आणि म्हणतो, “आज भावाच्या साक्षीदाराचा उलटतपास आहे. प्रश्न काढून ठेवले होते. घेऊन जा.” दोन पाने प्रश्न आबा पिशवीत ठेवतात, वीजबिलाच्या शेजारी. नव्या वकिलाला ते दाखवत नाहीत. फुटलेल्या माणसाचे प्रश्न म्हटल्यावर त्यांत काय असेल याची खात्री नसते.

नवे वकील दोन तऱ्हांचे असतात. पहिला तालुक्यातलाच तरुण, ज्याला कामाची गरज आहे. तो कोर्टाच्या पायरीवर उभ्याउभ्या वकीलपत्रावर सही घेतो, तिकिटे लावतो आणि विहिरीपर्यंत ऐकतो. दुसरा मुंबईचा. त्याची फी ऐकून आबांच्या बायकोने जेवण सोडलेले असते. तो गाडीने निघतो आणि खंबाटकी घाटात अडकतो. तोवर पुकारा होऊन गेलेला असतो. मुंबईचा वकील पुढच्या तारखेला येत नाही, त्यामुळे त्याच्याविषयी सांगण्यासारखे एवढेच आहे.

आता सुनावणी. बोर्डावर आबांचे काम सतरावे, पण आधीच्या सोळांतली अकरा तारखा घेऊन मोकळी होतात, आणि शिपायाचा पुकारा बाराच्या आतच होतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा असतो. भावाचा मामेभाऊ, ठाण्याहून रजा काढून आलेला. नवा वकील पुढे होतो.

“मॅडम, प्रतिवादीतर्फे आज वकीलपत्र दाखल करतोय. नाहरकत आहे. तयारीला मुदत मिळावी.”

न्यायाधीशबाई रोजनामा मागे उलटत जातात. एक पान, दोन पाने, मग चष्मा काढतात.

“हे चौथं वकीलपत्र आहे.”

“तिसरं, मॅडम,” आबा मागून म्हणतात. “दुसरे आजारी पडले होते, ते धरू नका.”

समोरचा वकील काही बोलत नाही. असा प्रतिवादी मिळाल्यावर त्याने बोलायचे कारण नसते. तो फक्त साक्षीदाराकडे पाहतो आणि साक्षीदार रजेचा अर्ज खिशातून अर्धा बाहेर काढून पुन्हा आत ठेवतो.

कोर्टाला येथे कायदा आडवा येतो. आदेश १७ मध्ये २००२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीप्रमाणे सुनावणी चालू असताना एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी द्यायच्या नाहीत. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतला आहे ही सबबही चालत नाही. पक्षकाराच्या हाताबाहेरची आपत्ती असेल तर तीनचा आकडा आड येऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली म्हटले; मेहुणा ही आपत्ती त्यात धरता येईल का, हा प्रश्न अद्याप कोणी उपस्थित केलेला नाही. बाई विचारतात, “उलटतपास घेता का?” नवा वकील आबांकडे पाहतो, आबा पिशवीकडे पाहतात. मग दोनांपैकी एक गोष्ट होते. एक तर खर्च भरण्याच्या अटीवर शेवटची मुदत मिळते आणि तो खर्च साक्षीदाराच्या हातात पडतो. भावाच्या मामेभावाला आपण गाडीभाडे दिले, हे आबांना पुढे वर्षभर सलते. नाही तर ‘उलटतपास नाही’ असा हुकूम होतो. मग तो रद्द करून घेण्याचा अर्ज आणि त्या अर्जावरच्या तारखा सुरू होतात.

त्या अर्जात आबांचा नवा वकील जे लिहितो ते प्रत्येक वेळी सारखेच असते: आधीच्या वकिलाच्या चुकीची शिक्षा अजाण पक्षकाराला होऊ नये. याला आधार आहे. १९८१ साली, वकील गैरहजर राहिल्याने निकाली निघालेले एक अपील सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच भावनेने पुन्हा जिवंत केले होते. पण ही सवलत सरसकट नाही हे नंतरच्या निकालांनी स्पष्ट केले. दिल्लीतल्या एका फौजदारी खटल्यात तर २०१५ साली त्याच न्यायालयाने सांगितले, की नुसता वकील बदलला म्हणून तपासून झालेले साक्षीदार पुन्हा बोलावता येत नाहीत. एरवी प्रत्येक साक्षीदाराला दर नव्या वकिलागणिक नवे हेलपाटे घालावे लागले असते.

हुकूम विरुद्ध गेला की आबा कँटीनमध्ये जाहीर करतात, “मीच चालवतो केस. टिळकांनी चालवली नव्हती?” टिळकांनी १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात बाजू स्वतः मांडली हे खरे आहे. ते स्वतः एलएल.बी. होते आणि तरी सहा वर्षांची शिक्षा झाली, हेही खरे आहे, पण आबा तिथवर जात नाहीत. त्या खटल्यातला आबांच्या कामाचा तपशील वेगळाच आहे. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी जे दावर वकील म्हणून उभे राहिले, तेच १९०८ मध्ये न्यायासनावर बसले होते. जुना वकील पुढे कुठे भेटेल याचा नेम नसतो. तालुक्यात तो रोज भेटतो. आबा त्याला दुरूनच हात जोडतात, आणि काम अडले की जिन्यात गाठून विचारतात, “साहेब, असाच एक प्रश्न होता.” तो उत्तर देतो. उत्तराला फी नसल्यामुळे त्यावर आबांचा पूर्ण विश्वास बसतो.

शेवटी आबा वारतात. पक्षकाराच्या मृत्यूने वकीलपत्र आपोआप संपते. या एकाच खेपेला नाहरकत आणावी लागत नाही. भावाला नव्वद दिवसांत मयताचे वारस रेकॉर्डवर आणण्याचा अर्ज द्यावा लागतो. तो देतो, आणि देताना चुलत पुतण्याजवळ म्हणतो की आता दाव्यात पूर्वीची मजा राहिली नाही. आबांचे दोन मुलगे हजर होतात. थोरला पाचवा वकील देतो. धाकट्याला थोरल्याचा वकील समोरच्याबरोबर चहा पिताना दिसलेला असतो, म्हणून तो सहावा देतो. पिशवी थोरल्याकडे राहते, त्यामुळे धाकट्याला सगळे कागद नव्याने काढावे लागतात. तो नक्कल विभागात अर्ज देतो, फी भरतो आणि दाव्याची नक्कल घेऊन बाहेर येतो. तिला तिसरे पान असते.