भाऊसाहेब, आस्थापना शाखा

जिल्हा रुग्णालयावर ‘शासकीय वैद्यकीय महाविद्यालय’ अशी पाटी चढली की डॉक्टर, परिचारिका, ठेकेदार, कॅन्टीनवाला सगळ्यांचीच तारांबळ उडते. शांत असतात ते एकटे आस्थापना शाखेतले भाऊसाहेब. त्यांचं खरं नाव सेवापुस्तिकेत असतं. बाहेर कुणाला त्याची गरज पडत नाही. खिशात दोन पेनं. एक स्वतःला लिहायला, दुसरं मागणाऱ्याला द्यायला. दुसऱ्यात शाई नसते.

2024 साली राज्यात एका दमात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. गडचिरोली, वाशीम, हिंगोली, बुलढाणा, भंडारा अशा ठिकाणी, बहुतेक शंभर जागांची. पाटी लावायला अर्धा दिवस पुरतो. खरं काम पुढचं. रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे द्यायचं म्हणजे खाटा, स्टुलं, गंजलेल्या ट्रॉल्या, सगळं डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणे मोजायचं. देणारे जिल्हा शल्यचिकित्सक, घेणारे अधिष्ठाता आणि दोघांच्याही वतीनं मोजणारे भाऊसाहेब. एक स्टूल कमी भरलं आणि हस्तांतरण अडलं. संध्याकाळी उलगडा झाला, मोजताना भाऊसाहेब त्याच्यावरच बसले होते.

‘‘मग आता लिहून टाका की,’’ अधिष्ठाता म्हणाले.

‘‘साहेब, वापरात असलेली वस्तू शिल्लक कशी दाखवणार?’’

अधिष्ठाता येतात आणि जातात. कुणी प्रतिनियुक्तीवर, कुणाकडे नुसताच अतिरिक्त कार्यभार. प्रत्येकाला भाऊसाहेब पहिल्याच दिवशी ऐकवतात, ‘‘आधीचे साहेब असं करत नव्हते.’’ हे त्यांनी पहिल्या अधिष्ठात्यांनाही ऐकवलं होतं.

सुधारणांशी त्यांचं वैर नाही. ते त्यांना आवक क्रमांक देतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2025 मध्ये अध्यापकांची हजेरी मोबाइलवर चेहरा दाखवून घ्यायला लावली. भाऊसाहेबांनी शेजारी मस्टरही चालू ठेवलं. ‘‘चेहरा दिसला म्हणजे माणूस आला असं होत नाही. सही लागते.’’

जागा शंभरावरून दीडशेवर न्यायच्या तर आयोगाच्या 2023च्या निकषांप्रमाणे खाटा 420 वरून 605 व्हाव्या लागतात. अधिष्ठात्यांना त्यात नवी इमारत दिसते. भाऊसाहेबांना दिसतात 185 गाद्या, 185 उशा आणि लेखापरीक्षक. उशीवर नंबर नेमका कुठं टाकायचा, याबद्दल त्यांनी विभागाकडे मार्गदर्शन मागवलं आहे. ते येईपर्यंत उशा पोत्यात.

देशात 2014 साली एमबीबीएसच्या 51 हजारांवर जागा होत्या, आता त्या लाखाच्या पुढं गेल्या. हा आकडा कुणी कौतुकानं सांगितला की भाऊसाहेब बाजूच्या रिकाम्या टेबलांकडे बोट दाखवतात. ‘‘पोरं दुप्पट झाली. लिपिकाचं पद मात्र मंजूर आहे, भरलेलं नाही.’’ मग तिन्ही टेबलांचं काम ते एकटे करतात आणि तिन्ही टेबलांवरून ‘उद्या या’ म्हणतात.

प्रवेशाच्या दिवसांत त्यांना बघावं. अखिल भारतीय कोट्याच्या पंधरा टक्के जागांमुळं केरळची मुलगी, राजस्थानचा मुलगा असे लांबून आलेले असतात. भाऊसाहेबांची राष्ट्रभाषा तेव्हा फुलून येते. ‘‘झेरॉक्स का झेरॉक्स नहीं चलता. ओरिजिनल का झेरॉक्स निकालो, तीन प्रत जोडो, फिर लायनीत आव.’’ मुलगी मान डोलावते आणि रांगेतल्या पुढच्या बापाकडून भाषांतर करून घेते.

वसतिगृहाचं काम ‘प्रगतिपथावर’ आहे, म्हणजे खड्डा खणून झाला आहे, हे तिला संध्याकाळी कळलं. ती बॅगेवर बसून रडायला लागली. भाऊसाहेबांनी पाच मिनिटांत दोन फोन केले आणि परिचारिका वसतिगृहात तिची सोय लागली. कुठल्या नियमाखाली, ते फायलीत नाही. दुसऱ्या दिवशी जातवैधता प्रमाणपत्राच्या एका स्वल्पविरामावरून त्यांनी तिघांना माघारी पाठवलं.

तर, घरातलं कुणी यंदा नव्या महाविद्यालयात डॉक्टर व्हायला निघालं असेल, तर अधिष्ठात्यांना सावकाश भेटा. पहिला नमस्कार भाऊसाहेबांना करा, त्यांच्याशी नियमावर वाद घालू नका आणि मूळ कागदपत्रं हाती दिलीत तर पोच तेवढी लेखी घ्या.